चालीचा धनी: मराठी ख्रिस्ती पदे आणि मराठवाड्याचा गायनवारसा

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत गायिल्या जाणाऱ्या रचनांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे येतात, जी युरोप-अमेरिकेतून आलेल्या सुरावटींवर म्हटली जातात. दुसऱ्या वर्गात अभंग, ओवी, साकी, दिंडी, आरती आणि पद या देशी घाटांत रचलेली आणि देशी चालींवर गायिली जाणारी गीते येतात. दोन्ही वर्ग 'उपासना संगीत' या प्रसिद्ध गीतसंग्रहात शेजारी शेजारी नांदत आले असले, तरी त्यांच्यामागची संगीताची व्यवस्था एकमेकींहून सर्वस्वी भिन्न आहे, आणि हा भेद सर्वांत ठळकपणे जाणवतो तो चाल कोणाची, या प्रश्नापाशी. पाश्चात्त्य स्तोत्राच्या चालीला स्वतःचे नाव आणि रचनाकार असतो. मराठी पदाचा कवी ठाऊक असतो, पण त्याच्या चालीचा धनी बहुधा अनामिक राहतो. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण ज्या घाटांत ही पदे ओतली गेली, ते घाट घडवण्यात गोदावरी-मांजरा खोऱ्यातील संतांचा वाटा फार मोठा आहे.

पाश्चात्त्य पद्धत प्रथम समजून घेणे सोयीचे होईल. तेथे स्तोत्राचे शब्द आणि त्याची सुरावट या दोन स्वतंत्र वस्तू मानल्या जातात आणि दोहोंची नोंद वेगवेगळी ठेवली जाते. हेन्री फ्रान्सिस लाइट या अँग्लिकन धर्मगुरूने १८४७ मध्ये रचलेले 'अबाइड विथ मी' हे स्तोत्र आज ज्या सुरावटीवर गायिले जाते, तिचे नाव 'इव्हनटाइड' असून ती विल्यम हेन्री मंक या संगीतकाराने १८६१ मध्ये एका नव्या स्तोत्रसंग्रहासाठी रचली. महात्मा गांधींना प्रिय असलेल्या या स्तोत्राची सुरावट दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनसोहळ्याच्या सांगतेला अनेक वर्षे वाजत असे, त्यामुळे ख्रिस्ती नसलेल्या मराठी माणसाच्याही कानावरून ती गेलेली असते. कोलकात्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या 'होली, होली, होली' या स्तोत्राची गोष्टही तशीच आहे. हीबर १८२६ मध्ये तिरुचिरापल्ली येथे मरण पावले आणि त्यानंतर पस्तीस वर्षांनी जॉन बॅकस डाइक्स यांनी त्या शब्दांना 'नायसिया' ही सुरावट दिली. म्हणजे कवी आणि संगीतकार एकमेकांना भेटलेलेही नसतात. त्यांना जोडणारा दुवा असतो तो छंदाचा. इंग्रजी स्तोत्राच्या प्रत्येक ओळीतील अवयव, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे ध्वनिगट, मोजलेले असतात. आठ-सहा-आठ-सहा अवयवांच्या चार ओळी असल्या की त्याला सामान्य छंद आणि चारही ओळी आठ-आठ अवयवांच्या असल्या की दीर्घ छंद म्हणतात. ज्यांचे माप आणि आघातांची ठेवण जुळते ती स्तोत्रे एकमेकांच्या सुरावटींवर म्हणता येतात.

हीच व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनने मराठीत आणली. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये त्याने अहमदनगर येथे ठाणे उघडले. पुढे हेच नगर मराठी ख्रिस्ती गीतरचनेचे मुख्य केंद्र बनले. १८३५ मध्ये भारतात आलेले रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांना संगीताचे चांगले अंग होते. त्यांनी अनेक इंग्रजी स्तोत्रे मराठीत उतरवली आणि मराठी मंडळीला पाश्चात्त्य सुरावटींवर गायला शिकवले. हे काम कष्टाचे होते यात शंका नाही. ते कितपत साधले, याबद्दल मात्र मतभेदाला जागा आहे. इंग्रजी छंद आघातावर चालतो. तेथे शब्दातील एक अवयव जोराने आणि दुसरा हलका उच्चारला जातो व सुरावटीचा ठेका त्या जोरावर बेतलेला असतो. मराठीत असा ठळक शब्दाघात नाही. तिचे वजन ऱ्हस्व-दीर्घाच्या भेदावर तोलले जाते. त्यामुळे इंग्रजी सुरावट मराठी शब्दांवर जशीच्या तशी बसवली की जेथे ठेका पडायचा तेथे एखादा प्रत्यय किंवा ऱ्हस्व इकार येऊन पडतो, गाणाऱ्याला तो ओढून लांबवावा लागतो, आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागण्यापूर्वीच ओळ पुढे निघून जाते.

येथे छंदशास्त्रातील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्याचे छंद, वृत्त आणि जाती असे तीन प्रकार वेगळे केले. वृत्तात लघु-गुरू अक्षरांचा क्रम ठरलेला असतो आणि जातीत मात्रांची बेरीज ठरलेली असते, जसे साकीच्या ओळीत २८ मात्रा आणि दिंडीच्या ओळीत १९. छंदात मात्र केवळ अक्षरे मोजली जातात आणि म्हणताना प्रत्येक अक्षर गुरू मानले जाते. ओवी आणि अभंग हे या छंद प्रकारात मोडतात. याचा अर्थ असा की इंग्रजी स्तोत्राच्या मापाला सर्वांत जवळचा मराठी घाट अभंगाचाच होता. आठ-आठ अक्षरांच्या चरणांचा लहान अभंग कागदावर तरी दीर्घ छंदाशी सहज जुळतो. मोठ्या अभंगाचे तसे नाही. त्याच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या चरणांत दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक आणि शेवटच्या चार अक्षरांनंतरचा थांबा इतका स्वतःचा आहे की चार समान ओळींच्या सुरावटीत तो कोंबता येत नाही. मिशनऱ्यांनी अभंगाचा हा गुण लवकर हेरला असता, तर भाषांतरित गीतांची बरीच ओढाताण टळली असती, असे आज म्हणता येते.

तो गुण हेरला तो नगरच्या देशी ख्रिस्ती कवींनी. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव यांत अग्रभागी घेतले जाते. त्यांनी देशी चालींवर पदे रचली आणि नगरच्या मिशनच्या वर्तुळात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले, त्यालाही हातभार लावला. नारदीय कीर्तनाची पूर्वरंग आणि उत्तररंग ही मांडणी, म्हणजे आधी तत्त्वनिरूपण आणि मग त्याला पोषक असे आख्यान, तशीच ठेवून आख्यानाच्या जागी बायबलमधील कथा घालण्याची ही रीत होती. कीर्तनकाराला एका बैठकीत साकी, दिंडी, अभंग, कटाव असे अनेक प्रकार लागतात. त्यामुळे कीर्तनाच्या गरजेपोटी ख्रिस्ती पदांचा साठा वाढला आणि त्याबरोबर लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या चाली उपासनेत शिरल्या. या चाली देवळातल्या आहेत म्हणून काही धर्मोपदेशकांना त्या खटकत असत. पण श्रोत्यांच्या ओढीपुढे हा आक्षेप फार काळ टिकला नाही.

या परंपरेला तिचा थोर कवी मिळाला तो नारायण वामन टिळकांच्या रूपाने. ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरचे त्यांचे बहुतेक आयुष्य अहमदनगरला गेले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत, आणि त्यांच्या रचनेत त्याची साक्ष पानोपानी मिळते. त्यांची शंभरांहून अधिक पदे मंडळ्यांच्या गायनात रुजली. 'अभंगांजली'तील अभंगांत वारकरी भक्तीची सलगी आहे, आणि 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध चरित्रकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिल्यावर लक्ष्मीबाई टिळकांनी ते पुरे केले. 'स्मृतिचित्रे'कार म्हणून महाराष्ट्र लक्ष्मीबाईंना ओळखतो, पण ख्रिस्ती घरांत त्यांची ओळख 'ख्रिस्तायना'च्या ओव्यांचीही आहे. टिळकांच्या पदांचा प्रवास उलट दिशेनेही झाला. पुण्याचे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल यांनी त्यांपैकी काहींचे इंग्रजी अनुवाद केले आणि त्यांतला एक अनुवाद सामान्य छंदात बसून पाश्चात्त्य मंडळ्यांच्या स्तोत्रसंग्रहांत दाखल झाला. शब्द गेले, कवीचे नावही गेले. मराठी चाल मात्र मागे राहिली आणि तेथे ते स्तोत्र तिकडच्याच सुरावटींवर म्हटले जाऊ लागले.

चाल मागे राहण्याचे कारण मराठी नोंदपद्धतीत सापडते. मराठी पदसंग्रहात पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द छापून त्यापुढे लोकांना ठाऊक असलेल्या दुसऱ्या एखाद्या पदाचे सुरुवातीचे शब्द दिले जात, म्हणजे वाचणाऱ्याने ते जुने पद आठवायचे आणि नवे शब्द त्यावर बसवायचे. ही रीत ख्रिस्ती संग्रहांपुरती नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये आणि 'सौभद्र' १८८२ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा त्या नाटकांतील पदांवरही अशीच चालींची सूचना असे, आणि त्या चाली कीर्तनातून, लावणीतून, कानडी पदांतून उचललेल्या असत. पुढे भास्करबुवा बखल्यांसारखे गवई नाटकांना चाली देऊ लागले आणि चालकर्त्याचे नाव रंगभूमीवर दिसू लागले. ख्रिस्ती पदसंग्रहांत मात्र ते स्थान कधी निर्माणच झाले नाही. या पद्धतीचा लाभ असा की नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, न शिकलेल्या शेतमजुरालाही नवे पद पहिल्याच आठवड्यात म्हणता येई. तोटा असा की आधार असलेले जुने पद विस्मरणात गेले की डोक्यावरची सूचना निरर्थक होते आणि चाल केवळ गाणाऱ्याच्या कंठात उरते.

ही पदे आजच्या नांदेड-लातूरच्या मुलखात पोचली, तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मुंबई इलाख्यातील मिशनांच्या दृष्टीने तो सीमेपलीकडचा होता. संस्थानातील मराठी भागात ख्रिस्ती कामाची पहिली भक्कम ठाणी वायव्येस पडली. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे पारशी कुळातील धर्मोपदेशक रत्नजी नवरोजी यांनी दीर्घकाळ काम केले. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याला ठाणे मांडले आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत पागोटे घालून बोलले, ही त्यांची ख्याती. मराठी गायनाच्या इतिहासात त्यांचे महत्त्व यासाठी की बेथेलसारख्या वसाहतींत महार आणि मांग समाजांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. मांग समाजाकडे हलगी-सनईचे परंपरागत वादन होते आणि महार समाजात एकतारी भजनाची जुनी रीत होती. अशा मंडळीला ताल आणि सूर शिकवण्याची गरज नव्हती. नवे होते ते फक्त शब्द.

पुढील प्रसाराला रेल्वेचा हात लागला. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडपर्यंत पोचली आणि नांदेड हे एका बाजूने जालना-औरंगाबादला, तर दुसऱ्या बाजूने हैदराबादला जोडले गेले. लातूर १९११ च्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गावर आले आणि त्याची वाट बार्शी-कुर्डुवाडीवरून पंढरपूरकडे व सोलापूर-नगरच्या मराठी मुलखाकडे उघडली. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, आणि बिदरला अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे जुने ठाणे होते. त्यामुळे आजच्या लातूर जिल्ह्याच्या पूर्व भागाला कानडी-मराठी मिशनक्षेत्राचा शेजार लाभला. नांदेडच्या देगलूर-बिलोली-धर्माबाद पट्ट्याला तसाच तेलुगू मंडळ्यांचा शेजार आहे, आणि तेलुगू मंडळ्यांची स्वतःची कीर्तनपरंपरा मराठीइतकीच समृद्ध आहे. एकोणिसाव्या शतकातील पुरुषोत्तम चौधरी यांची पदे तेथे टिळकांच्या पदांसारखीच आदराने म्हटली जातात. सीमेवरच्या गावांत एकाच चालीवर दोन भाषांचे शब्द ऐकू यावेत, हे या भूगोलातून ओघानेच येते.

परंतु या मुलखाचे खरे देणे मिशनांच्या कितीतरी आधीचे आहे. परंपरेनुसार नामदेवांचे जन्मगाव नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, जनाबाईंचे गंगाखेड परभणी जिल्ह्यात, विसोबा खेचरांची कथा औंढा नागनाथाशी जोडलेली, तर एकनाथांचे पैठण गोदावरीच्या वरच्या अंगाला. लातूरहून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे आणि तेथेच दासोपंतांनी विपुल पदरचना केली व कापडाच्या प्रचंड पासोडीवर ओव्या लिहिल्या. लातूर-नांदेडच्या वीरशैव घरांत मन्मथस्वामींचे अभंग आजही भजनात आहेत. नामदेवांनी अभंगाला कीर्तनाचे अंग दिले, एकनाथांनी भारुडात गावगाड्यातील सर्व जातींचे बोल आणले, आणि जनाबाईंच्या नावावरील ओव्या जात्यावर म्हटल्या गेल्या. सांगळे आणि टिळक यांनी जे घाट वापरले ते हेच. म्हणून नगरला रचलेले पद लातूरच्या मंडळीत आले तेव्हा त्याचे शब्द नवे असले, तरी त्याचा घाट याच मुलखातून पूर्वी बाहेर गेलेला होता. मराठी ख्रिस्ती गायनाच्या इतिहासात नगरला मिळणारा मान योग्यच आहे. मराठवाड्याचे नाव त्यात अभावानेच येते, ही मात्र त्या इतिहासाची उणीव मानावी लागेल.

नांदेड शहरात या विषयाला आणखी एक पैलू मिळतो. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये जेथे देहावसान झाले, त्या सचखंड हुजूर साहिबात रोज जो ग्रंथ गायिला जातो त्यात नामदेवांच्या नावे ६१ पदे आहेत, आणि प्रत्येक पद कोणत्या रागात म्हणायचे हे त्या ग्रंथातच नमूद आहे, कारण ग्रंथाची मुख्य रचनाच रागांनुसार केलेली आहे. पदाची सुरावट कागदावर टिकवण्याच्या दोन भारतीय रीती अशा रीतीने एकाच शहरात शेजारी आढळतात. एका रीतीत रागाचे नाव लिहून गायकाला चौकट दिली जाते आणि तिच्या आत त्याला मोकळीक राहते. दुसरीत ओळखीच्या पदाचे नाव देऊन चाल तंतोतंत सांगितली जाते, पण ती ओळख टिकेल तोवरच. पहिली रीत शिकलेला रागी, म्हणजे कीर्तन गाणारा व्यावसायिक गायक, गृहीत धरते. दुसरीला असा गायक नको असतो, आणि लहान, विखुरलेल्या, बहुतांशी गरीब मंडळ्यांना परवडणारी रीत हीच होती.

वाद्यांच्या बाबतीतही तडजोड घडली. पाश्चात्त्य उपासनेचा ऑर्गन खेड्यात नेणे अशक्य होते. फ्रान्समध्ये १८४० च्या सुमारास निघालेली हार्मोनियम पायांनी भाता मारून वाजवावी लागे. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी घडवली आणि ती जमिनीवर बसून वाजवता येऊ लागली. मग पेटी, तबला किंवा ढोलकी आणि टाळ हा भजनी मंडळाचा संच जसाच्या तसा मंडळीत आला. पेटीमुळे भाषांतरित गीतांनाही आधार मिळाला, कारण तिचे पक्के स्वर त्यांना मानवतात. अभंगातील मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणे, तिला देता येत नाही, आणि काही जुन्या चाली तिच्या संगतीत सपाट झाल्या असाव्यात.

कॅथलिक परंपरेची वाट वेगळी होती. मराठी ख्रिस्ती पद्याचा आरंभ वास्तविक तिच्यातच झाला, कारण १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्लिश जेझुइटाने सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. मात्र मिस्साविधीची, म्हणजे प्रभुभोजनाच्या मुख्य उपासनेची, भाषा लॅटिन राहिली, ती थेट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट मोकळी करेपर्यंत. मराठवाड्यासाठी औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला, म्हणजे येथील कॅथलिक मराठी गायन प्रोटेस्टंट गायनाच्या तुलनेत अलीकडचे आहे. लातूरशेजारच्या उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूची मराठी मराठवाड्याच्या मंचावरून साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. पदांच्या चालींना तसा मंच अजून मिळालेला नाही.

दरम्यान ऱ्हास चालू आहे. कीबोर्ड, ध्वनिवर्धक आणि हिंदी चित्रपटगीतांच्या धर्तीवरची ध्वनिमुद्रित गीते तरुण मंडळीला जवळची वाटतात, आणि त्यात अनुचित असे काही नाही. सांगळ्यांनीही त्यांच्या काळातील लोकप्रिय चालीच घेतल्या होत्या. फरक इतकाच की आजची गीते ध्वनिमुद्रणात टिकतील आणि त्यांच्या संगीतकाराचे नावही टिकेल, तर जुन्या पदांच्या चाली ज्यांच्या कंठात आहेत ती माणसे वृद्ध झाली आहेत. संग्रहातले शब्द सुरक्षित आहेत, धोका आहे तो चालींना. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील आणि त्याच्या लातूर उपकेंद्रातील संगीत, मराठी व लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी, तसेच प्रत्येक मंडळीच्या पाळकांनी, आपल्या गावातील ज्येष्ठांकडून पदसंग्रहातील एकेक पद म्हणवून घ्यावे, ते ध्वनिमुद्रित करावे, आणि पदाचा क्रमांक, गाणाऱ्याचे गाव व चाल कोणाकडून शिकली याची नोंद त्यासोबत ठेवावी.